इम्युनिटी बूस्टर राहू द्या, आधी नळाचं बघा

डेंग्यूची साथ आली की सोलापुरात सगळ्यात आधी भाव कशाचा वाढतो, तर किवीचा. एरवी ज्याच्याकडं कोण ढुंकून बघत नाही ते केसाळ फळ मग नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत प्रत्येक गाड्यावर दिसायला लागतं, पेशंटला भेटायला जाणारा माणूस पिशवीत तेच घेऊन जातो, त्याच्या जोडीला पपईच्या पानाचा रस, गुळवेलीचा काढा, मेडिकलमधनं आणलेलं कसलं तरी इम्युनिटी सिरप, आणि वर एक "ताकदीचं सलाईन". आणि पेशंटच्या उशाशी बसून सगळे एकच सांगतात, की तुझी प्रतिकारशक्ती कमी पडली बघ, म्हणून झालं तुला. बाहेर चौकात डिजिटल बोर्डवर भावी नगरसेवक पण तेच सांगत असतात, हात जोडून, प्रतिकारशक्ती वाढवा, डेंग्यू टाळा.

माझं म्हणणं असं की हा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. विज्ञान म्हणून चुकीचा आहेच, कारण डेंग्यूचा विषाणू ज्या पद्धतीनं शरीरात शिरतो ते बघितलं तर तुमची तब्येत तगडी आहे की किरकोळ याचा पहिल्या दोन-चार दिवसात त्याला फार फरक पडत नाही. पण त्याहून जास्त तो सार्वजनिक गोष्ट म्हणून चुकीचा आहे, कारण जो प्रश्न पाणीपुरवठ्याचा आहे तो तुमच्या-माझ्या पोटात आणि रक्तात ढकलून दिला जातो, आणि एकदा तो तिथं गेला की मग कोणाला जाब विचारायचा?

आधी विषाणूचं बघू, कारण ते नीट कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

आपल्या शरीरात अँटीबॉडी वगैरे तयार व्हायला वेळ लागतो, नवीन आजार असेल तर बरेच दिवस जातात. तोपर्यंत जी लढाई चालते ती जन्मजात प्रतिकारयंत्रणेची, आणि तिचा सगळा भर निरोप वेळेत पोचण्यावर असतो. ज्या गल्लीत पाच दिवसांनी पाणी येतं तिथं पहाटे कुणाच्या तरी नळाला सूं सूं आवाज येतो आणि ती बाई ओरडते, "नळ आलाऽऽ", आणि मग पाच मिनिटात अख्खी गल्ली जागी, मोटारी चालू, पायपा जोडल्या, घागरी रांगेत. पेशींचं अगदी असंच चालतं. ज्या पेशीत विषाणू शिरला तिला आत परका आरएनए, म्हंजे विषाणूचा आराखडा लिहिलेला रेणू, सापडतो, ते ओळखायला रिग-आय, एमडीए-५, टोल-लाइक रिसेप्टर असले पहारेकरी रेणू असतात, ते निरोप पुढं देतात आणि ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ही झाली हाक. शेजारच्या पेशींना ती हाक ऐकू आली की त्यांच्यात स्टॅट-१ आणि स्टॅट-२ नावाची दोन प्रथिनं जोडीनं केंद्रकात जातात आणि शेकडो जीन एका झटक्यात चालू होतात, कुठला विषाणूचा आरएनए तोडतो, कुठला प्रथिनं बनवायचं काम थांबवतो, कुठला विषाणूला आत शिरूच देत नाही. म्हंजे हाक मारणारी पेशी कदाचित मरेल, पण शेजार वाचतो.

इंटरफेरॉन सापडलं १९५७ मध्ये, लंडनला, अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूच्या मारलेल्या विषाणूचे प्रयोग करताना ते शोधलं. ही हाक फुकट नसते हे पण लक्षात घ्या. ताप आल्यावर अंग मोडून येतं, भूक मरते, उठवत नाही, नको वाटतं सगळं, यातला बराच भाग विषाणू करत नाही, तुमचं स्वतःचं इंटरफेरॉन आणि त्याच्या सोबतचे बाकीचे निरोप करतात. पूर्वी हिपॅटायटिस सी च्या पेशंटला औषध म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, तर त्या लोकांना अगदी फ्लू झाल्यासारखं व्हायचं, थंडी-ताप, अंगदुखी, काहींना तर डिप्रेशन. आता ज्यांना ही यंत्रणा "बूस्ट" करून कायम चढलेली ठेवायचीय त्यांनी जरा विचार करावा की आपण नक्की काय मागतोय.

आता डेंग्यू. हा विषाणू किती लहान, तर त्याचा सगळा आराखडा जेमतेम ११ हजार अक्षरांचा, आणि त्यातनं बनतात फक्त १० प्रथिनं. आपल्याकडं २० हजाराच्या आसपास जीन. तरी हे एवढंसं कार्टं आपल्याला लोळवतं, कारण त्याच्या १० प्रथिनांपैकी बरीचशी दुहेरी ड्युटी करतात, स्वतःच्या कॉप्या काढायच्या आणि त्याच वेळी आपली हाक दाबायची.

पहिलं म्हणजे तो लपतो. पेशीच्या आतल्या पडद्यांना वळवून छोट्या छोट्या पिशव्या करतो आणि कॉप्या काढायचं काम त्याच्या आत बसून करतो, त्यामुळं पहारेकऱ्यांना त्याचा आरएनए सहजासहजी दिसत नाही. शिवाय आपल्या स्वतःच्या आरएनएच्या टोकाला जशी खूण असते तशीच खूण तो आपल्या आरएनएला लावून घेतो, म्हणजे दिसला तरी घरचाच वाटावा. दुसरं, त्याच्याकडं एक कात्री आहे, एनएस-२बी आणि एनएस-३ या त्याच्याच दोन प्रथिनांची मिळून बनलेली, मूळ काम स्वतःची लांबलचक प्रथिनमाळ तोडून तुकडे करण्याचं, पण तीच कात्री तो आपल्या स्टिंग नावाच्या प्रथिनावर पण चालवतो. स्टिंगचं काम खरं तर डीएनएचा धोका कळवायचं आणि डेंग्यू तर आरएनए विषाणू, मग याच्या नादी कशाला लागतो? तर संसर्गात पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागाला, इजा होते, त्यातला डीएनए सांडतो, आणि त्या सांडलेल्या डीएनएवरनं पेशीला कळू शकतं की घरात काहीतरी गडबड आहे, म्हणून तो रस्ता पण आधीच बंद. तिसरं, आणि मला सगळ्यात धूर्त वाटतं ते हे, की त्याचं एनएस-५ प्रथिन आपल्या स्टॅट-२ ला जाऊन चिकटतं आणि पेशीच्या कचरा नष्ट करायच्या यंत्रणेकडूनच त्याचा निकाल लावून घेतं. स्टॅट-२ गेलं म्हंजे हाक आली तरी ऐकायला कान नाही. शेजारीण ओरडून ओरडून घसा बसवेल, तुम्ही आपले ढाराढूर.

आणि एवढ्यावर भागत नाही. विषाणूच्या आरएनएचा शेपटाकडचा एक तुकडा आपली यंत्रणा पूर्णपणे तोडू शकत नाही, तो उरतो, आणि उरलेला तुकडा पुन्हा हाक मारायच्या यंत्रणेतच खोडा घालतो. हे तुकडे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या लाळेत पण सापडलेत. म्हणजे डास चावतो त्याच सेकंदाला विषाणूबरोबर त्याची वाट मोकळी करणारं सामान पण कातडीत उतरत असतं.

याला पुरावा काय असं कोण विचारेल तर उंदराकडं बघा. साध्या उंदराला डेंग्यूचा विषाणू टोचला तर त्याचं फार काही वाकडं होत नाही, कारण एनएस-५ ला उंदराचं स्टॅट-२ पाडता येत नाही आणि ती कात्री उंदराच्या स्टिंगला तोडू शकत नाही. दोन्हींची घडण जरा वेगळी आहे, बस्स एवढंच. त्यामुळं संशोधकांना डेंग्यूचा अभ्यास करायला मुद्दाम असे उंदीर तयार करावे लागले ज्यांच्यात इंटरफेरॉनची हाक ऐकायची सोयच काढून टाकलीय. आता सांगा, उंदीर काय किवी खातो? काढा पितो? त्याची "ताकद" आपल्यापेक्षा जास्त आहे का? तो वाचतो कारण विषाणूनं त्याच्या कुलपाची चावी बनवलेली नाही, आपल्या कुलपाची बनवलीय, आणि ती चावी तालमीत जाणाऱ्या पोराला पण लागते आणि सुपारीसारख्या वाळलेल्या म्हाताऱ्याला पण लागते.

दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण बोर्डवाल्यांसारखाच झालो. शरीर दरवेळी हरतं असं अजिबात नाही. २०१३ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अंदाजात जगभरात वर्षाला ३९ कोटी लोकांना डेंग्यूचा संसर्ग होतो आणि त्यातल्या साधारण ९ कोटी ६० लाख लोकांनाच लक्षणं दिसतात असं होतं. म्हणजे चारातले तीन जण कळायच्या आत निभावून नेतात. हाक आणि तोंडदाबी यांची ती शर्यत असते, कधी हाक आधी पोचते. आणि ती हाक किती मोलाची हे कोविडनं दाखवलंच, २०२० मध्ये अत्यवस्थ अशा ९८७ कोविड पेशंटचं रक्त तपासलं तर त्यातल्या १०१ जणांच्या अंगात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे दर दहातल्या एकाची हाक विषाणू यायच्या आधीच बसलेली होती. त्याच वर्षी आपल्याकडं घरोघरी काढे उकळत होते आणि अर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या वाटल्या जात होत्या. त्या दहातल्या एकाला त्यानं काय होणार होतं?

झोप नीट घ्या, जेवण नीट ठेवा, शुगर असेल तर ताब्यात ठेवा, याला माझा काडीचा विरोध नाही, आपल्याकडं मंगळवेढ्याची ज्वारी आणि सांगोल्याचं डाळिंब असताना न्यूझीलंडच्या किवीमागं का पळायचं हे वेगळं. पण हे करून डेंग्यू टळतो असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे.

उलट डेंग्यूत एक उफराटी गोष्ट आहे जी या बूस्टरवाल्यांच्या गावीच नाही. विषाणूचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून तुम्हाला बरंच संरक्षण मिळतं, पण नंतर दुसऱ्या प्रकारचा झाला तर आधीच्या अँटीबॉडी त्याला अर्धवट चिकटतात, मारत नाहीत, आणि ज्या पेशी अँटीबॉडी लागलेली वस्तू गिळायला बसलेल्या असतात त्याच पेशी त्याला आत ओढून घेतात, शिवाय या वाटेनं आत गेला की इंटरफेरॉनची हाक अजूनच मंदावते असं प्रयोगात दिसलंय. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर व्हायचा धोका जास्त. म्हंजे इथं प्रतिकाराची आठवणच उलटते. फिलिपिन्समध्ये २०१६ ला सरकारनं शाळेतल्या पोरांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात केली, आठ लाखांच्या वर मुलांना दिली गेली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीनंच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लस घेतल्यावर पुढं झालेला डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. कार्यक्रम बंद पडला, आणि त्या देशात लोकांचा बाकीच्या लसींवरचा विश्वास पण उडाला, तो तोटा मोजण्यापलीकडचा. जगातल्या हुशार लोकांना प्रतिकारशक्ती "वाढवताना" एवढा घाम फुटला, आणि आपण बाटलीवर झाडाचं चित्र छापून तेच विकतो.

इलाजाचं पटकन सांगतो कारण तो डॉक्टरांचा विषय आहे. विषाणूवर थेट काम करणारं औषध अजून बाजारात नाही, एक आशेचं होतं त्याची चाचणी २०२४ ला कंपनीनंच आपले प्राधान्यक्रम बदलले म्हणून थांबवली. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी-ओआरएस, रक्त तपासणी, आणि लक्ष. "एका सुईत उतरवा ओ डॉक्टर" म्हणून डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मारून घेणं डेंग्यूत अंगाशी येतं, रक्तस्राव वाढू शकतो. आणि धोक्याचा काळ ताप उतरताना चालू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, तेव्हाच लोक बरं वाटलं म्हणून कारखान्यावर हजर होतात. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातनं रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर सिव्हिल गाठायची, किवी नाही.

तर मग लढाई कुठं लढायची? विषाणू एकदा कातडीच्या आत गेला की सामना त्याच्या मैदानावर, त्याच्या नियमानं होतो. आपला जोर चालतो तो चावण्याच्या आधी. म्हणजे डास. म्हणजे अळी. म्हणजे साठवलेलं पाणी. आणि सोलापुरात पाणी साठवतात कारण ते रोज येत नाही.

उशाला उजनी, ११७ टीएमसीचं धरण, जिल्ह्यात उसाच्या रानाला आणि कारखान्यांना तोटा नाही, कारखाने मोजायला दोन्ही हाताची बोटं पुरत नाहीत, आणि शहराला वर्षानुवर्षं तीन दिवसाआड, चार दिवसाआड, उन्हाळ्यात पाच दिवसाआड पाणी. ११० किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत एक पिढी लहानाची मोठी झाली. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली २० शहरांची यादी आली त्यात सोलापूर होतं, तेव्हा पेढे वाटले, पण बॅरल काय कोणाच्या दारातनं हललं नाही. हलणार कसं, इथं घर बांधताना देवघर कुठं याच्या आधी हौद केवढा हे ठरतं.

आता एडिस इजिप्ती डासाची मादी काय करते ते बघा, कारण इथं खरी गंमत आहे. ती अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलाच्या ओलसर भिंतीवर चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोनमहिने तग धरतात आणि पाणी वर चढून ती बुडली की फुटतात. मग आठवड्या-दीड आठवड्यात अळी, कोष आणि उडणारा डास. म्हंजे या डासाला काय पाहिजे, तर पाण्याची पातळी खाली जावी आणि काही दिवसांनी परत वर यावी. चार-पाच दिवसाआड पाणीपुरवठा म्हणजे नेमकं तेच की! पाणी आलं, बॅरल काठोकाठ, वापरता वापरता खाली, भिंतीवर अंडी, परत नळ आला, अंडी बुडाली. एखाद्यानं मुद्दाम डास पाळायचं ठरवलं असतं तरी यापेक्षा चांगलं वेळापत्रक जमलं नसतं. आणि बॅरल पूर्ण रिकामं कोण करत नाही, कारण उद्या नळ आलाच नाही तर? तळाला दोन घागरी कायम ठेवायच्या हा इथला शहाणपणा आहे, आणि तो शहाणपणा पुरवठ्यानं शिकवलाय. "आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळा" असं सांगणाऱ्यानं आधी हे सांगावं की कोरडा दिवस पाळून झाल्यावर पाणी कुठनं येणार.

२०११ मध्ये व्हिएतनाममधला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की दाट वस्तीच्या शहरापेक्षा निमशहरी, गावासारख्या वस्तीत जिथं नळाचं पाणी नव्हतं तिथं डेंग्यूचा धोका जास्त होता. आपल्या हद्दवाढ भागात टँकर आणि बोअरवर जगणाऱ्या लोकांना हे सांगायला अभ्यास लागत नाही, पण कागदावर आहे म्हणून सांगितलं.

यात सगळ्यात जास्त भरडलं कोण जातं? एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, आणि राहतो घरात, कॉटखाली, लटकवलेल्या कपड्यामागं. रात्रीच्या मच्छरदाणीचा त्याच्यावर उपयोग फार नाही. आणि पूर्व भागात दिवसभर घरात बसून कोण असतं, तर विडी वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, हात गुंतलेले, दोन खोल्यांचं घर, आणि हातभर अंतरावर पाण्याचं बॅरल. पाय हलवून डास हाकलायला पण फुरसत नाही, कारण हजारावर मजुरी आहे. उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीत कूलर, त्याच्या टाकीत पण तेच. त्या अक्काला जाऊन सांगायचं की तुमची इम्युनिटी कमी आहे म्हणून पोराला डेंग्यू झाला, किवी आणा? एका किवीच्या पैशात किती विड्या वळाव्या लागतात बे?

आणि दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातनं बातमी येतेच, घरात अळ्या सापडल्या, नोटीस दिली, दंड केला. कायद्यानं बरोबर असेल. पण ज्यानं पाणी पाच दिवसांनी दिलं त्यानंच साठवलं म्हणून दंड करायचा हे मला तरी पटत नाही. रोज एक तास का होईना, ठरलेल्या वेळी पाणी देऊन दाखवा, मग खुशाल घरात शिरा आणि बॅरल तपासा.

फॉगिंगचं तर काय बोलायचं. धूर दिसतो, आवाज येतो, पोरं मागं पळतात, फोटो पेपरात येतो, म्हणून सगळ्यांना ते आवडतं. पण धूर रस्त्यावर आणि डास कॉटखाली, अळीला तर त्या धुराचा वासही लागत नाही. शिवाय पेशंटचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊन फॉगिंगची गाडी येईपर्यंत, आणि जे चारातले तीन लक्षणाशिवाय हिंडतायत त्यांच्याकडनं पण डासाला विषाणू मिळू शकतो हे धरलं तर, विषाणू केव्हाच पुढच्या गल्लीत गेलेला असतो. मोठ्या उद्रेकात त्याचा थोडा उपयोग आहे, रोजचा उपाय म्हणून नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, की हा दुष्काळी जिल्हा, रोज पाणी द्यायला आणायचं कुठनं. पण चार दिवसाआड येतं तेव्हा काय होतं ते आठवा, नवीन पाणी आलं की आधीचं "शिळं" म्हणून अंगणात, रस्त्यावर, गटारीत ओततात, मोटार लावून शेजाऱ्याचं पण ओढतात, तोट्या नाहीत ते नळ तासतासभर वाहतात. भीतीपोटी साठवलेलं पाणी वाया जास्त जातं. आपल्या शेजारचं गुलबर्गा, आताचं कलबुर्गी, हवा तीच, माती तीच, तिथं आणि हुबळी-धारवाड, बेळगावच्या काही वॉर्डात २००८ च्या सुमारास २४ तास पाण्याचा प्रयोग करून दाखवला. मोठं शहर एका दिवसात होत नाही हे कबूल, गळक्या जुन्या पाइपा बदलायला पैसा आणि वर्षं लागतात. मी २४ तास मागतच नाहीये, मी रोज मागतोय, आणि ठरलेल्या वेळी मागतोय. माणसाला उद्या सकाळी सहाला नक्की येणार हे माहीत असलं की तो आपसूक बॅरल कमी करतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सिंगापूरला २४ तास नळाला पाणी आहे, तरी तिथं डेंग्यूच्या साथी येतात. खरं आहे. कुंड्या, बांधकामाच्या साइट, गच्चीवर साचलेलं पाणी, एडिसला झाकणभर पाणी पण पुरतं. त्यामुळं नळ रोज आला की डेंग्यू संपला असं मी म्हणणार नाही, ते पण बूस्टरच झालं. पण सिंगापूरमध्ये तपासनीस घरात येतो आणि अळ्या सापडल्या तर दंड करतो तेव्हा त्याला तोंड आहे, कारण तिथं साठवायची गरज शासनानं काढून टाकलीय, उरला तो निष्काळजीपणा. आपल्याकडं गरज आणि निष्काळजीपणा एकाच बॅरलात आहे, आणि पहिलं बाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याला शिव्या देता येत नाहीत.

नवे उपाय येतायत, त्याला माझी ना नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया नावाचा, डासात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा जिवाणू असलेले डास सोडले तर त्या भागात डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला, २०२१ ला छापून आलं, आणि आपल्या पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या केंद्रानं पण तसे डास तयार केलेत. आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेकच्या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, १० हजारांवर लोकांवर, एका डोसची लस, आणि तिच्यातल्या विषाणूंना कमजोर करायला मुख्यतः त्यांच्या शेपटाकडचाच ३० अक्षरांचा तुकडा उडवलाय. मला तिच्याकडनं आशा आहे, फिलिपिन्स आठवून धाकधूक पण आहे. पण लस आली तरी चारही प्रकारांवर सारखी चालली पाहिजे, सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजे, यात वर्षं जातील, आणि चिकनगुनियाला ती चालणार नाही, तो पण याच डासाचा, याच बॅरलातला.

म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष आहे. प्रत्येक वॉर्डात मागच्या महिन्यात पाणी किती दिवसांच्या अंतरानं आलं आणि डेंग्यूचे पेशंट किती निघाले, हे दोन आकडे एका तक्त्यात दर महिन्याला जाहीर करा. आज पाणी खातं वेगळं, आरोग्य खातं वेगळं, दोघांच्या फाइली एकमेकांना भेटतच नाहीत. तो तक्ता समोर आला की नवीन पाइप आधी कुठं टाकायची याचं भांडण तरी नीट होईल, कोणाच्या ओळखीचा वॉर्ड यावर नाही. फॉगिंगच्या डिझेलमधनं थोडे पैसे वाचवून विडी घरकुल, पूर्व भाग, नई जिंदगी असल्या भागात बॅरलाला घट्ट बसणारी झाकणं द्या, आशाताईंना नुसतं पत्रक वाटायला लावू नका, त्यांना झाकणं वाटू द्या. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध पिण्याच्या पाण्यात ठरलेल्या प्रमाणात चालतं हे लोकांना बसून समजवा, वास येतो म्हणून ते ओतून देतात.

आणि झाकण मिळेपर्यंत जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं रबरानं आवळून बांधा, पाणी काढलं की लगेच परत बांधा. बॅरल रिकामं होईल तेव्हा आतली भिंत काथ्यानं खरवडून घासा, नुसतं पाणी ओतलं तर अंडी तशीच चिकटून राहतात पुढचा नळ यायची वाट बघत.